अँपिअर तोलून पाहा: मोरचूद, तांब्याच्या दोन पट्ट्या आणि सराफी काटा

बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याची फवारणी, करणाऱ्या बागायतदाराला एक परीक्षा पाठ असते. तयार मिश्रणात लोखंडी विळा किंवा सळई थोडा वेळ बुडवायची. वर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून निवळी घालायची. लिंबू-मोसंबीच्या बागा असलेल्या खान्देशातल्या कितीतरी गावांत ही परीक्षा दर हंगामात होते. तो तांबूस थर इलेक्ट्रॉनच्या देवघेवीतून येतो. लोखंडाचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, पाण्यातला तांब्याचा एक आयन ते दोन्ही घेतो आणि धातू होऊन विळ्यावर बसतो. इथे इलेक्ट्रॉन धातूच्या पृष्ठभागावरच हात बदलतात. तेच इलेक्ट्रॉन आपण तारेतून फिरून यायला लावले की तारेत करंट वाहू लागतो. मग मल्टीमीटर सांगतो तो अँपिअर आणि काटा सांगतो ते तांब्याचं वजन ताडून पाहता येतं.

हा लेख दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, आयटीआयच्या वायरमन-इलेक्ट्रिशियन ट्रेडला नव्याने आलेल्यांसाठी आणि शेतातल्या स्वतःच्या मोटारीचं स्टार्टर उघडणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. करंट म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रवाह, हे वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. ते पक्कं कळायला मोजमाप लागतं.

आधी हिशेब

एका इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम असतो. एका सेकंदात एक कूलोम भार तारेच्या एखाद्या काटछेदातून पलीकडे गेला की धारा, म्हणजे करंट, १ अँपिअर. भागाकार केला तर एका अँपिअरला दर सेकंदाला सुमारे ६२,४१५ वर १४ शून्यं इतके इलेक्ट्रॉन लागतात. २० मे २०१९ पासून अँपिअरची अधिकृत व्याख्याच अशी आहे: इलेक्ट्रॉनचा भार ठराविक आकडा म्हणून कायमचा बांधून दिला आणि अँपिअर त्यावरून काढला. म्हणजे अँपिअर हे मोजणीचं एकक आहे, जोर मोजायचं नव्हे. जोर व्होल्टमध्ये मोजतात. ही दोन्ही डोक्यात वेगळी ठेवली नाहीत तर पुढे प्रत्येक ठिकाणी गोंधळ होतो.

पहिला प्रयोग: एलईडी आणि मीटर

साहित्य साधं आहे. रुंद चपट्या तोंडाची यूएसबी केबल लागणारा जुना ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर, एक टाकाऊ केबल, लाल एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर, डिजिटल मल्टीमीटर आणि चार-पाच क्रोकोडाइल क्लिपा. चार्जर भिंतीतून काढलेला असताना केबलचं मोबाईलकडचं टोक कापा. आतली लाल तार धन, काळी ऋण. हिरवी आणि पांढरी डेटाच्या. त्यांना टेप गुंडाळून बाजूला करा. स्वस्त केबलमध्ये रंग उलटसुलट असू शकतात, म्हणून चार्जर लावून मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि खात्री करा. पाचच्या आगेमागे आकडा यावा. उणे चिन्ह दिसलं तर रंगांवर विसंबू नका, मीटरवर विसंबा. दोन्ही बाजूंना लहान तोंडाची केबल असलेले नवे चार्जर इथे चालत नाहीत, कारण पलीकडे फोन असल्याची खूण मिळाल्याशिवाय ते व्होल्टेज सोडतच नाहीत.

आता लाल तार, रेझिस्टर, एलईडीचा लांब पाय, एलईडीचा आखूड पाय, काळी तार अशी एकापुढे एक जोडणी करा. एलईडी पेटेल. मग जोडणी एका जागी तोडा आणि त्या फटीत मीटर बसवा: खटका डीसी २०० मिलिअँपिअरवर, काळी प्रोब कॉममध्ये, लाल प्रोब मिलिअँपिअर लिहिलेल्या भोकात. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमवर. म्हणजे १३.६ मिलिअँपिअर, मीटर १३ ते १४ च्या दरम्यान काहीतरी दाखवेल. सेकंदाला हे जवळजवळ ८५ हजार लाख कोटी इलेक्ट्रॉन झाले.

हेच मोजमाप तीन ठिकाणी करा: रेझिस्टरच्या आधी, रेझिस्टर आणि एलईडीच्या मध्ये, एलईडीच्या नंतर. तिन्ही आकडे सारखे येतात. नवशिक्याने हे स्वतः पाहायलाच हवं, कारण ‘बल्ब करंट खातो’ ही समजूत फार चिवट आहे. एलईडी इलेक्ट्रॉन खात नाही. जितके आत तितकेच बाहेर. ते देतात ती ऊर्जा, आणि ती व्होल्टेजच्या घसरणीत दिसते. एलईडी उलटा जोडला तर आकडा शून्य होतो, कारण तो एकाच दिशेने वाट देतो.

इथे मीटर जळायची मुख्य वाट सांगून ठेवतो. करंट मोजताना मीटर नेहमी फटीत, म्हणजे ओळीत बसतो, आणि त्याचा स्वतःचा रोध जेमतेम ओहम-दोन ओहम असतो. खटका अँपिअरवरच ठेवून कुणी चार्जरच्या दोन टोकांना थेट प्रोब लावल्या की ते शॉर्ट झालं. आतला फ्यूज उडतो आणि पुढे मिलिअँपिअर मोजताना मीटर नेहमी शून्य दाखवत बसतो. स्वस्त मीटरमधल्या १० अँपिअरच्या भोकाला तर बहुधा फ्यूजही नसतो. त्या भोकात प्रोब असताना घरातल्या सॉकेटला हात लावू नका. जिवावर बेतू शकतं.

दुसरा प्रयोग: इलेक्ट्रॉन तोलायचे

लेखाचा खरा भाग हा. यासाठी तांब्याच्या पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या हव्यात, प्रत्येकी सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब. भांडी बाजारात तांब्याचं काम करणाऱ्यांकडे पत्र्याचे तुकडे मिळतात. रिवाइंडिंगच्या दुकानातली तार घेऊ नका. तिच्यावर वार्निशचा थर असतो आणि वरून ती उघडी तांब्याची वाटते. सोबत ५० ग्रॅम मोरचूद, ते कृषी सेवा केंद्रात मिळतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पाव लिटर. एक रिकामी काचेची बरणी. आणि २७ ओहमचा २ वॉटचा रेझिस्टर. पाव वॉटचा लावलात तर काही मिनिटांत काळा पडेल, कारण इथे त्याच्यावर अर्ध्या वॉटहून जास्त उष्णता निघते.

मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकातलं भांडं किंवा चमचा वापरायचा नाही, हातमोजे घालायचे, लहान मुलांना दूर ठेवायचं. लोखंडी किंवा पत्र्याच्या डब्यात ते विरघळवू नका. विळ्यावर जे होतं तेच डब्याला होईल. बोअरचं पाणीही नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यातल्या क्षारांमुळे निळसर गढूळ साका धरतो आणि वजनाचा हिशेब बिघडतो. ५० ग्रॅम मोरचूद २५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या काडीने ढवळून पूर्ण विरघळवा. स्वच्छ गडद निळं द्रावण मिळेल. खाली गाळ राहिला तर फडक्यातून गाळा.

दोन्ही पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, कडेला धरूनच वाळवा. बोटाचा तेलकट डाग पडला की त्या जागी तांबं धड बसत नाही. प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाला खिळ्याने खूण कोरा, एक अ आणि एक ब. आता वजन. खिशात मावणारा ०.०१ ग्रॅमचा डिजिटल काटा चालतो. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात तिथे ओळखीच्या सराफाकडे मिलिग्रॅमचा काटा नक्की असेल. दोन मिनिटांचं काम आहे, विनंती करा. प्रत्येक पट्टी तीनदा ठेवून-उचलून तोला आणि मधला आकडा लिहा.

पट्ट्या बरणीत समोरासमोर, साधारण ३ सेंटिमीटर अंतरावर उभ्या करा. द्रावणात प्रत्येकीचा ६ सेंटिमीटर भाग बुडावा. आडवी काडी लावून त्या पक्क्या करा. क्लिपा द्रावणाला टेकता कामा नयेत. चार्जरची लाल तार, मग २७ ओहम, मग २०० मिलिअँपिअरवर ठेवलेला मीटर, मग पट्टी अ. काळी तार थेट पट्टी ब ला. चार्जर सुरू करून घड्याळ पाहा.

आकडा १३० ते १६० मिलिअँपिअरच्या आसपास यावा. कमी वाटला तर पट्ट्या थोड्या जवळ आणा, जास्त वाटला तर लांब करा. नेमका १५० आलाच पाहिजे असं नाही. जो येईल तो दर दहा मिनिटांनी लिहीत राहा आणि शेवटी सरासरी काढा. पट्ट्या चुकून एकमेकींना टेकल्या तरी २७ ओहममुळे धारा १८५ मिलिअँपिअरच्या वर जात नाही, मीटरचा फ्यूज वाचतो. मध्येच लाइट गेली तर गेल्याची आणि आल्याची वेळ लिहा. चाललेला वेळच मोजायचा आहे. ज्या गावात दोन तास सलग लाइटची खात्री नाही तिथे मोठे दीड व्होल्टचे तीन सेल ओळीत जोडा आणि २७ ऐवजी २२ ओहम लावा. पॉवर बँक मात्र टाळा. इतकी कमी धारा पाहून फोन भरला असं समजून ती बंद पडू शकते.

दोन तासांनी बंद करा. पट्ट्या अलगद काढून डिस्टिल्ड पाण्यात बुचकळा, पुसू नका, पंख्याखाली वाळू द्या. पूर्ण कोरड्या झाल्यावर पुन्हा तोला.

हिशेब असा: १ अँपिअर धारा १ तास वाहिली तर ऋण बाजूच्या पट्टीवर १.१८६ ग्रॅम तांबं चढतं. सरासरी १५० मिलिअँपिअर दोन तास चालली तर ०.१५ गुणिले २ गुणिले १.१८६, म्हणजे ०.३५६ ग्रॅम. आता हाच आकडा इलेक्ट्रॉनच्या बाजूने काढा. दोन तासांत १,०८० कूलोम गेले. त्यांना इलेक्ट्रॉनच्या भाराने भागलं की सुमारे ६.७४ गुणिले १० चा २१ वा घात इतके इलेक्ट्रॉन. तांब्याच्या प्रत्येक आयनाला दोन लागतात, म्हणून अणू त्याच्या निम्मे. एका अणूचं वजन १.०५५ गुणिले १० चा उणे २२ वा घात ग्रॅम. गुणाकार करा, ०.३५६ ग्रॅमच येतील. मीटरने तारेतले इलेक्ट्रॉन मोजले, काट्याने तेच पट्टीवर मोजले.

हा खेळण्यातला प्रयोग नाही. १९०८ च्या लंडन परिषदेने आंतरराष्ट्रीय अँपिअर ठरवला तो असाच: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी जमा करणारी स्थिर धारा म्हणजे १ अँपिअर. पुढे १९४८ पर्यंत आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्या हीच राहिली.

तुमचं उत्तर जमलं नाही तर कारणं बहुतेक ठरलेली असतात. ब चं वजन कमी भरलं आणि थर काळपट, भुसभुशीत दिसला तर पट्टीच्या आकारमानाने धारा जास्त झाली. तांबं घट्ट न बसता गळून पडलं. बुडालेला भाग वाढवा. वजन जास्त भरलं तर पट्टी ओली होती किंवा मोरचूद धुतलं गेलं नाही. वाळल्यावर निळी पावडर दिसते. अ चं वजन जेवढं घटलं त्यापेक्षा ब चं कमी वाढलं, हे नेहमीचंच. अ वरून बारीक कण सुटून तळाशी बसतात. म्हणून हिशेब ब चा धरायचा.

द्रावण संपत नाही, कारण अ तेवढंच तांबं परत देते. बाटलीत भरून ‘विष’ अशी चिठ्ठी लावा आणि पुढच्या वेळी वापरा. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, माशांना मोरचूद फार घातक असतं.

दिशेचा प्रश्न

तांबं कुठल्या पट्टीवर चढलं? काळ्या तारेच्या. तिथे आयनांना इलेक्ट्रॉन मिळाले, म्हणजे ते चार्जरच्या ऋण टोकातून तारेने आले. लाल बाजूच्या पट्टीवर अणूंनी इलेक्ट्रॉन सोडले आणि ते तारेने चार्जरच्या धन टोकाकडे गेले. बाहेरच्या तारेत इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे चालतात, आणि पुस्तकातला बाण धनाकडून ऋणाकडे असतो.

धन-ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास रूढ केली. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी लावला तो १८९७ मध्ये. तोवर दीडशे वर्षांची सूत्रं, नकाशे आणि चिन्हं बाणाच्या त्या दिशेवर उभी राहिली होती. तो बाण चूक म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या बरणीतच पाहा: द्रावणात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, तिथे धनभारित तांब्याचे आयन अ कडून ब कडे चालले आहेत, अगदी बाणाच्या दिशेने, आणि ऋणभारित सल्फेट आयन उलटे. ऋण भार डावीकडे जाणं आणि धन भार उजवीकडे जाणं याचा हिशेब एकच येतो. सर्किट काढताना बाण पुस्तकातलाच ठेवा. डायोडच्या चिन्हातलं टोकही त्याच बाणाने असतं. तारेच्या आत नेमकं काय हलतं असं कुणी विचारलं तर इलेक्ट्रॉनची दिशा सांगा.

वेग: इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो

तांब्याच्या एका घनमिलिमीटरमध्ये सुमारे ८५ वर १८ शून्यं इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात. इतकी दाटी असल्यामुळे मोठी धारा वाहायलाही त्यांना फार सरकावं लागत नाही. १ चौरस मिलिमीटर तारेतून १ अँपिअर वाहत असेल तर त्यांची सरासरी पुढे सरकण्याची गती सेकंदाला ०.०७ मिलिमीटर, म्हणजे तासाला जेमतेम २६ सेंटिमीटर. तुमच्या दोन तासांच्या प्रयोगात चार्जरच्या टोकाशी असलेले इलेक्ट्रॉन बहुधा पट्टीपर्यंत पोहोचलेही नाहीत. पट्टीवर उतरले ते आधीच तारेच्या शेवटी असलेले.

मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या पाण्याने गच्च भरलेल्या असतील तर कॉक उघडताच शेवटच्या ड्रिपरमधून थेंब पडतो; विहिरीतलं पाणी तिथवर पोहोचायची वाट कुणी पाहत नाही. तारही अशीच आधीपासून भरलेली असते. धावतो तो दाब, म्हणजे विद्युत क्षेत्र, आणि त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जातो.

थेट वीज (डीसी) सोडून शेतातल्या एसीकडे, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेकडे, आलं की चित्र आणखी बदलतं. ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल साधारण ८ ते ९ अँपिअर घेते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये ८ अँपिअर धरले तर प्रत्येक इलेक्ट्रॉन सेकंदाला ५० वेळा आपल्या जागेच्या दोन्ही बाजूंना सरासरीने मिलिमीटरच्या दीड हजाराव्या भागाइतका हलतो आणि परत येतो. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन तुमच्या मोटारीत येतो असं कधीच होत नाही. तुमच्या वाइंडिंगमधले इलेक्ट्रॉन तिथेच जन्मभर हलत राहतात, येते ती ऊर्जा. म्हणूनच एसीवर मोरचूदची पट्टी जड होत नाही: अर्ध्या फेऱ्यात दिलं ते पुढच्या अर्ध्यात काढून घेतलं जातं. मेन्सवर हे करून पाहायला जाऊ नका. त्यामागचं कारण समजून घेतलं की पुरे.

केबल निवडताना याचा उपयोग

सरकणारे इलेक्ट्रॉन तांब्याच्या थरथरणाऱ्या अणूंच्या जाळीत अडखळतात, तीच उष्णता आणि तोच रोध. तार गरम असेल तर जाळी जास्त थरथरते. २० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना तांब्याचा रोध सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे ४५ अंश ही नवलाई नाही. शिवाय उन्हात पडलेली केबल हवेपेक्षाही तापते.

विहिरीपासून डीपी ३०० मीटरवर आहे असं धरा. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, ४ चा ४.६. साडेआठ अँपिअरला २.५ च्या केबलवर दोन फेजमध्ये ३२-३३ व्होल्ट पडतात, ४ च्या केबलवर २० च्या आसपास. ४१५ मधून ३३ गेले तर मोटारीला ३८२ उरतात, तेही डीपीवर पूर्ण ४१५ असतील तरच. संध्याकाळी तिथेच ३८० असेल तर मोटारीला साडेतीनशेच्या जवळ मिळतात. ओढायचं पाणी तेवढंच, म्हणून कमी व्होल्टेजला मोटार जास्त अँपिअर घेते, वाइंडिंग तापतं, वार्निश जळतं. केबलमध्ये वाचवलेले पैसे रिवाइंडिंगला जातात. अॅल्युमिनियम घ्यायचं असेल तर त्याचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट धरा आणि त्या मानाने एक-दोन साइज वरची घ्या.

जितके आत तितकेच बाहेर हा एलईडीवर पाहिलेला नियम घरात जीव वाचवतो. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा खटका, फेजमधली आणि न्यूट्रलमधली धारा सतत ताडून पाहतो. दोन्हींत फरक पडला म्हणजे काही इलेक्ट्रॉन अर्थिंगची किंवा कुणाच्या शरीराची वाट धरत आहेत. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला ट्रिप व्हायलाच हवा. तो बसवल्यावर न्यूट्रल आणि अर्थ पुढे कुठेही एकत्र जोडू नका. जोडलीत तर परतीची धारा अर्थमधून वाटली जाते आणि तो विनाकारण ट्रिप होत राहतो. मग वैतागून लोक तो काढून टाकतात. त्यापेक्षा ती चुकीची जोडणी शोधून काढा, आणि त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.